चौदा शिध्यांची खिंड

सोम., ११ फेब्रु. २००८

आज झालं ते क्रमाने :
१. आमच्या गेममधला ‘पांढरी खिंड’ हा टप्पा एकेचाळिसाव्यांदा खेळले. टोळी एकेचाळिसाव्यांदा मेली.
२. सगळ्यांत चांगल्या डावातही परतीच्या वाटेवर, दोन मुक्काम बाकी असताना शिधा संपला.
३. चाचणी अहवालात लिहिलं : पार करणे अशक्य. खाली सही केली.
४. सरांनी बैठकीत ते वाचून दाखवलं. टप्पा काढून टाकायचं ठरलं. शुक्रवारी, २२ला, गेमची अंतिम प्रत जाणार.
५. शुभांगी एवढंच म्हणाली, “मॅडम, खिंड पार होते. मला जाणवतं.” मी म्हटलं, अहवालात जाणवण्याचा रकाना नाही.

खिंड शुभांगीने केली आहे. लातूरहून आल्यापासून आठ महिने तेच काम. गेममध्ये तिचं दुसरं काही नाही. खिंड गेली की गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीतून तिचं नावही जाईल.

माझं वाक्य बरोबर आहे. तरी दुपारी डबा एकटीने खाल्ला. ती दुसऱ्या टेबलावर बसली.

बुध., १३ फेब्रु.

सरांच्या परवानगीने लॅपटॉप घरी आणला. कारण विचारलं तर ‘फेरतपासणी’ म्हटलं. खरं कारण मलाही नीट माहीत नाही.

आकडे पुन्हा मांडले. पाच जणांची टोळी. सहा मुक्काम वर चढायचं, घायाळ राणीला उचलायचं, सहा मुक्काम खाली. शिधे चौदा. एका मुक्कामाला एक लागतो, पण ओझं वीसच्या वर गेलं की दोन. निघताना ओझं सव्वीस : शिधे, बाण, औषध, लाकडं. राणीचं आठ वेगळं. लाकडं टाकून जावं तर परतीच्या शेवटच्या मुक्कामावर वादळ येतं आणि शेकोटीशिवाय सगळे गारठून मरतात.

कुठूनही मोजलं तरी तूट आहे.

एक मात्र लिहून ठेवते. खिंड सुंदर आहे. चौथ्या मुक्कामावर धुकं सरकतं आणि अख्खा डोंगर एकदम समोर येतो. एकेचाळीस वेळा पाहिलाय, आणि एकेचाळीस वेळा माझा हात माउसवर थांबलाय. हे कुणाला सांगितलेलं नाही.

गुरु., १४ फेब्रु.

गुरुवार, म्हणजे इथे कासार आंबोलीत दिवसभर वीज नाही. मी सुट्टी घेतली होती. लॅपटॉप बॅटरीवर पावणेदोन तास चालतो. 

ठकूमावशी वाल सोलायला माझ्या दारात येऊन बसल्या. हा बंगला पुण्याच्या मालकांचा, ते शनिवार-रविवारी कधीतरी येतात. राखण मावशींची आणि मागची वरची खोली माझी. मावशी मूळच्या धरणापलीकडच्या डोंगरातल्या, वरच्या वाडीच्या. हिरडा गोळा करण्यात अर्धं आयुष्य गेलं म्हणतात.

“ही बाई रोज मरती व्हय गं, इंजनेर?”

ती बाई म्हणजे टोळीतली वैदू. म्हटलं, रोज नाही, दर डावाला.

“आन् हे पांढरं काय? मीठ?”

“बर्फ. थंडी असते.”

“मंग लाकडं लागत्याल.”

“घेतलीत ना पाठीवर.”

त्यांनी वाल सोलणं थांबवलं. पडद्याजवळ येऊन बराच वेळ पाहिलं. मग :

“लाकडं आत्ता लागत्यात?”

“नाही. परत येताना.”

“परत ह्याच वाटंनं येत्याल?”

“हो.”

“मंग समदं पाठीवर कशाला वर न्ह्यायचं? ठिवा की वाटंत. येताना हाय तितं घ्यायचं.”

मी सांगितलं, या गेममध्ये खाली ठेवलेलं परत मिळत नाही.

“करून बघितलं व्हय?”

तेवढ्यात बॅटरी संपली. मावशी सूप उचलून खाली गेल्या. जाताना म्हणाल्या, “गाढवं बरी, ओझं झालं की ती तरी खाली बसत्यात.”

करून बघितलं नव्हतं. इतर नऊ टप्प्यांत मागे वळायचंच नसतं. पुढच्या नकाशात गेलं की खाली ठेवलेलं पुसलं जातं. नवव्या टप्प्यापर्यंत ते मला इतकं ठाऊक झालं, की दहाव्यात विचारलंच नाही. खिंडीत चढण आणि उतरण एकाच नकाशात आहेत.

एकेचाळीस वेळा खेळले. एकदाही सामान खाली ठेवलं नाही.

शनि., १६ फेब्रु.

आधी नीट चाचणी. एक बाण पहिल्या मुक्कामावर ठेवला. पुढे गेले, परत आले. बाण तिथेच.

दुपारी चारला मावशींना वर बोलावलं. माउस माझ्या हातात, पण काय कुठे ठेवायचं ते सगळं त्यांनी सांगितलं. मी एकही आकडा सुचवला नाही, हे मुद्दाम नोंदवते.

पहिल्या मुक्कामावर सगळी लाकडं ठेवायला लावली. शिवाय दोन शिधे.

“दोनच का?”

“एक आपल्याला. एक चुकलं-माकलं तर.”

ओझं सतरा. पुढे मुक्कामाला एकच शिधा. धुकं सरकलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “आमच्या कड्यावानी हाय,” आणि हात जोडले. 

राणीला औषध दिलं, त्याचं चार ओझं गेलं; मग तिला उचललं. ओझं सोळा. शिधे पाच. खाली येताना चार, तीन, दोन, एक. पहिल्या मुक्कामावर पोचलो तेव्हा पाठीवर शून्य होतं. लाकडं तिथे होती. दोन शिधे तिथे होते. त्यांच्यावर थोडा बर्फ साचलेला.

तो बर्फ शुभांगीने मुद्दाम केलेला नसणार. वरून पडतो तो कशावरही साचतो. पण मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

शेकोटी पेटली. सकाळी सगळे खाली उतरले. कुणी मेलं नाही. शिधा उरला एक.

मावशी म्हणाल्या, “आता खाऊ दे की त्यांना त्यो. का त्योबी लिवून ठिवतीस?”

रवि., १७ फेब्रु.

मावशींबरोबर त्यांच्या वाडीला गेले. “येतीस का? खरी खिंड दावते,” म्हणाल्या होत्या. एसटी संपते तिथून अडीच तास चढ.

पहिल्या वळणावर मावशींनी फडक्यातल्या चारांपैकी दोन भाकरी सोडून उंच फांदीला टांगल्या. परतीसाठी. पुढे एका खडकाच्या पोटात सुक्या लाकडांची मोळी, बाजूला झाकण लावलेला पाण्याचा कॅन.

“हे कुणाचं?”

“वाटंचं.”

“कुणी नेत नाही?”

“न्हेत्यात की. न्ह्यायलाच ठिवलंय. त्येनं न्हेलं की म्होरल्या येळंला त्यो ठिवतो. हिरड्याचं पोतं घिऊन उतरणाऱ्याला पाणी कुटनं न्ह्यायला जमतंय?”

अशा जागा मोजल्या : पाच. पाचही भरलेल्या. कुठे खूण नाही, नाव नाही, कुलूप नाही. कुणी तपासायला येत नाही.

चौथ्या जागेपाशी मी थांबले. माझ्या कामात जे तपासलं जात नाही ते बिघडतं, असं धरूनच चालावं लागतं. इथे किती वर्षं न बिघडता चाललंय ते मावशींनाही सांगता येईना. “माज्या आज्याच्या वक्ताला बी व्हतं.”

“काय, देव दिसला का दगडाखाली?” मावशी वरून ओरडल्या.

उतरताना माझ्याकडची पाण्याची भरलेली बाटली तिथे ठेवली. मावशींनी पाहिलं.

सोम., १८ फेब्रु.

शुभांगीला आधी सांगितलं, मग सरांना. तिच्यासमोर अख्खा डाव खेळून दाखवला. ती म्हणाली, “मॅडम, सामान असं ठेवता येतं हे मलाच माहीत नव्हतं. मी नुसती आकडे हलवत बसायचे, आता होईल आता होईल करत.”

मी म्हटलं, माझं वाक्य चूक होतं. अशक्य नाही, मी तपासलं नाही. तिने मान हलवली. डबा एका टेबलावर. शेंगदाण्याची चटणी फार तिखट आणते.

सर : “तूच लिहिलंस अशक्य, तूच सही केलीस. आता गावातल्या एका बाईंना जमलं म्हणून ठेवू? खेळणाऱ्यांना कसं सुचणार? ठेवायचाच तर शिधे वीस कर, विषय संपला.”

वीस करून खेळले. सगळं पाठीवर घेऊन पार होतं. शेवटी शून्य उरतं, पण वाटेत एकदाही थांबून विचार करावा लागत नाही. धुकं सरकलं तेव्हा मी पुढचं बटण आधीच दाबलं होतं.

मंगळ., १९ फेब्रु.

मावशींना विचारलं, यादीत तुमचं नाव घालू का? “घाल की. पन त्या मरणाऱ्या बाईला माजं नाव दिऊ नगं.”

सरांना मेल पाठवली. गेली इंग्रजीत. माझ्यासाठी मराठीत उतरवून ठेवते :

‘पांढरी खिंड’बद्दलचा ११ फेब्रुवारीचा माझा अहवाल मी मागे घेत आहे. त्यातला निष्कर्ष चुकीचा होता आणि चूक माझी होती. दुरुस्त अहवाल सोबत आहे. माझ्या तीन विनंत्या : टप्पा ठेवावा. शिधे चौदाच ठेवावेत, वीस करू नयेत. चाचणी करणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावाच्या आधी ठकूबाईंचं नाव घालावं, कारण वाट त्यांनी शोधली.

अंतिम प्रत शुक्रवारी जाणार आहे. कृपया गुरुवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत होय किंवा नाही ते कळवावे.