सायेब येणार म्हणून सारवलेलं घर

२८ एप्रिल २००३, भोसरी
आणि गावच्या घरावर पुन्हा तेच, दगड ठेवलेत की पत्र्यावर. किती वर्षं झाली सांगून राहिलो, बोल्ट मारा. बोल्टाला पाठवलेल्या पैशाची बानं शेळी घेतली. गावातल्या दुकानाच्या फोनवर बोललो तर म्हणतो, "शहरात राहून लई अक्कल आली तुला." ठेवला फोन. इथं मालक डोकं खातो, तिथं बा. पगार झाला की हे वर्कशॉप सोडणार. सुरतला जातो.

३ मे
चुलतभाऊ गंगाधरचा फोन. काल दुपारी गारा, विजा, मग ढगातून सोंडेवानी काळं काहीतरी गरगर फिरत खाली आलं. साखरा गावाकडून आलं, आमच्या घरावरून गेलं. सगळे पत्रे दगडांसकट उडाले, नाल्यापलीकडं पडले. पडवीची भिंत आडवी. बाजूच्या पारूकाकूची लुगडी तारेवर तशीच. मायच्या कपाळाला खोक.
मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नववा लागला. म्हटलं, बहीण निजते कुठं? "समाजमंदिरात. तू घोर करू नको."
करू नको म्हणजे काय.

४ मे
बाला बजावलं. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत कशाला हात लावू नका, पडलं तसं राहू द्या. "व्हय व्हय, कळतं आमाला."

८ मे
डोकं फुटायची वेळ. तलाठी येऊन गेला. त्याच्या आधी मायनं पडलेली माती ओढून टाकली, अंगण झाडलं, उरलेल्या भिंती सारवल्या. बानं पत्रे आणून चळत लावली. काहून?
"सायेब येणार होते बाबा. उकिरड्यावानी घर कसं दाखवावं?"
वर चहा पाजला, पारूकाकूच्या कपबशीत. तलाठी म्हणाला, पत्रे तर आहेत तुमचे. नुकसान किरकोळ, असं लिहून गेला.
मी फोनवर ओरडलो. माय हळूच, "पण सायेब म्हणले, घर चांगलं ठेवलंय."


११ मे
मंदाचा सासरा न्यायला आला. म्हणे, छप्पर न्हाई तिथं सून कशी ठेवू. बराबर आहे त्याचं, म्हणून जास्तच राग. माय म्हणते पहिलं लेकरू माहेरीच. मंदा फोनवर नुसती रडते. तिकडं गेली की या दिवसांतही हापशावरून पाणी आणायला लावतील, एवढंच बोलली. सासरा पुढच्या रविवारी परत येणार. पत्रे सगळे वाकडे, नवेच लागतात. बा म्हणतो सेनगावला तहसीलात अर्ज देतो. देईल, आणि तिथं जाऊन पुन्हा हात जोडून हसत उभा राहील.

१२ मे
मालकाकडून उचल घेतली. तो पण खूश, दिवाळीपर्यंत मी कुठं हलत न्हाई. सुरत राहिली. मनीऑर्डरवर मजकुराला जागा बोटाएवढी. लिहिलं, पत्रे घ्या, मंदाला थांबवा. पोस्टातला म्हणाला, खेड्यात पोचायला वेळ लागतो. म्हटलं रविवारच्या आत पाहिजे. तो म्हणाला, सगळ्यांनाच पाहिजे.
रु. २०००.