चोवीस पिढ्यांची आकृती

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. शोधाची नोंद राहिली पाहिजे. कॉम्प्युटरवर चौकोनांचा पट आहे. शेजारी किती जिवंत, त्यावरून प्रत्येक चौकोन पुढच्या पिढीत जगतो नाहीतर मरतो. माझी आकृती मोडते, पसरते आणि चोविसाव्या पिढीत पुन्हा होती तशी! याला ऑसिलेटर म्हणतात. असा कुणालाच सापडलेला नाही. शोधून पाहिलं नाही, पण सापडला असता तर कानावर आलं असतं.

४ नोव्हेंबर
बायकोची बदली झाली. सोमवारी दुसऱ्या शहरात हजर व्हायचंय. तू येणार की नाही एवढंच सांग, म्हणाली. शोध जाहीर झाला की सांगतो म्हटलं. तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर
आकृती अशा आकृत्या शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. तिथे एक रिटायर्ड गणिताचे मास्तर सगळ्यांचे शोध तपासतात. फोन उलटा ठेवला. सुलटा केला. मधेच बायको काहीतरी विचारून गेली. 'नाही' म्हटलं. कशाला, ते विचारायला हवं.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
मास्तर गप्प. जळत असणार. बायको कपाटातले माझे कपडे एका बाजूला सारत होती. घर आवरते आहे, चांगलंच आहे. मी मात्र दोनदा जेवता जेवता ताटावरून उठलो. मास्तरांमुळेच. उद्या तिच्याशी नक्की बोलायचं.

८ नोव्हेंबर
घरात छान शांतता. दिवसभर स्क्रीनसमोर. बायकोने आज एकदाही टोकलं नाही. शेवटी समजूतदार आहे. बोलणं उद्यावर.

९ नोव्हेंबर, सकाळ
मास्तरांचं उत्तर आलं. म्हणतात, ही एक आकृती नाही, दोन आहेत. दोन्ही जुन्या. एक दर तिसऱ्या पिढीत मूळ रूपात येते, दुसरी दर आठव्या. एकमेकींना कुठेच लागत नाहीत, नुसत्या शेजारी आहेत. चोविसाव्या पिढीत दोघी जुळतात, इतकंच. एक पुसून बघा, म्हणाले, दुसरीला पत्ताही लागणार नाही.

पुसली. दुसरी चालूच.

एकदम भीती वाटली. धावत बाहेर आलो, मी येतो गं तुझ्याबरोबर, म्हणून ओरडलो. शेजारच्या काकू दारात आल्या. म्हणाल्या, ती काल सकाळीच गेली, टॅक्सीत बॅगा मीच ठेवल्या.

काल दुपारी मी तिच्याकडे चहा मागितला, असं आठवतंय. आलाच नाही. मग कामात विसरलो.