दहा दिवसांच्या गोळ्या

प्रिय आप्पा,

पण मी म्हणतो, माणसाने तोंड उघडायला काय हरकत आहे? तुमचं हे कायमचंच. दुकानाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर छत्री धरून दाढ्या केल्यात, पण कुणाला सांगितलं नाहीत. आताही सगळं मला ताईच्या फोनवरून कळावं? फोनवर तुम्ही नुसते हं हं करता, मग मलाच बोलता येत नाही. म्हणून भांडायला कागद घेतलाय.

ताई म्हणाली, काल तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलात, भिंतीला हात न लावता. मी दोनदा विचारलं, सरळ गेले का? म्हणाली, रेघ मारल्यासारखे. ते ऐकून मी बर्फघराबाहेर एका खोक्यावर कितीतरी वेळ बसून राहिलो. होय, नोकरी पुन्हा बदलली. तुम्ही मला भिंगरी म्हणता ते उगाच नाही. इथे दिवसभर गोठलेल्या माशांची खोकी रचायची. बोटं अशी बधिर होतात की हातमोजा गळून पडला तरी कळत नाही. तुमची चप्पल रस्त्यात निसटायची आणि तुम्ही एका पायाने अनवाणी घरी यायचात, ते मला आता समजलं. आम्ही त्याचा अर्थ भलताच लावला होता.

भलता म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. पाय वाकडे पडायचे, जीभ जड व्हायची, वस्तरा धरलेला हात थरथरायचा. आई गेल्यावर तुम्ही दोन वर्षं प्यायलात हे गल्लीला पाठ. पुन्हा सुरू झाली, दुसरं काय, असं सगळेच म्हणाले. झिंगलेल्या न्हाव्यापुढे गळा कोण देईल? समोरचा शिंपी तीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, तोही दाढी वाढवून बसला. आणि मी तर तुमच्या नावावर पैसे पाठवणंच थांबवलं, ताईच्या नावावर पाठवू लागलो. तुम्ही एकदाच म्हणालात, "मी घेतली नाही रे." बोलताना जीभ अडखळली आणि मी फोन ठेवून दिला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे तोंडाचा वासही घेतला नाही, औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. लिव्हरमध्ये पू झाला होता तेव्हाच्या जंतूंवरच्या गोळ्या, दहा दिवसांसाठी लिहिलेल्या, तुम्ही सहा महिने घेत होता. त्याच मेंदूला आणि पायांच्या नसांना भोवल्या. त्या बंद केल्या आणि तीन आठवड्यांत जीभ सुटली, चाल सरळ झाली. पायांच्या मुंग्या जायला वेळ लागेल. लागू दे. परवा शिंपी खुर्चीत येऊन बसला, मान वर करून, डोळे मिटून. एक ओरखडा नाही, ताई सांगताना हसत होती. किती दिवसांनी हसली ती.

आता खरं का लिहितोय ते. इतके महिने गोळ्या घ्यायला कुणी सांगितलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझाच अडाणीपणा." ताईलाही तसंच वाटतं. पण आप्पा, ते मी सांगितलं होतं. पू पुन्हा होईल या भीतीने मीच दरडावलं होतं, मी सांगेपर्यंत एकही गोळी चुकवायची नाही. मग नोकरी बदलली, गाव बदललं, आणि सांगायचं राहूनच गेलं. औषधवाला चिठ्ठी न बघता देत राहिला आणि तुम्ही माझ्या शब्दाची वाट बघत राहिलात. आज ताईला मी सगळं सांगणार आहे, तुम्ही मधे पडू नका. यापुढे औषधाचं डॉक्टरला विचारायचं, मला नाही. आणि या खेपेचे पैसे ताईकडे येणार नाहीत. पोस्टात तुम्ही स्वतः जा, चालत, आणि स्वतःच्या सहीने घ्या. साडेसहा हजार.

तुमचीच,
भिंगरी