दिवाणाखालची कुत्री

बाई, काल एक मुलगी कळव्याच्या माझ्या घरी तिचं मांजर ठेवून गेली. भाजीच्या पिशवीत घालून आणलं होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालीय, आणि ज्या आश्रमात राहणार आहे तिथे जनावर चालत नाही. "ताई, तुम्ही देवमाणूस आहात," म्हणाली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शब्द तुम्हाला शोभणारा, मला नाही. तुम्हाला जाऊन आता किती वर्षं झाली!

माझ्या भूमितीच्या वहीवर पंजाचा ठसा उमटला होता. वही वर्गाला दाखवत तुम्ही विचारलंत, "अगं, गणितं तू सोडवतेस की कुत्रा?" सगळे हसले, मी रडले. मधल्या सुट्टीत तुम्ही जवळ बसवलंत तेव्हा मी सगळं ओकून टाकलं. बाबा आईला मारतात. आई घर सोडायला तयार आहे, पण "तू गेलीस की कुत्रीला नदीत फेकतो," असं ते म्हणतात, आणि तिला मागे ठेवून आई मोहन्याच्या आमच्या घरातून हलत नाही. तुम्ही चष्मा पुसलात आणि एवढंच विचारलंत, "खाते काय ती?"

या प्रश्नापुढे मी आजही थक्क होते. तुमच्या घरात पाय धुतल्याशिवाय माणसाला प्रवेश नव्हता, सासूबाईंचं सोवळं कडक. तिथे आमची गावठी कुत्री! सासूबाई आधी "माझ्या नजरेसमोर नको" म्हणाल्या, आणि आठ दिवसांत स्वतःच तिला दूधभात कालवून घालायला लागल्या. आई आणि मी ठाण्याच्या आश्रमात होतो. रविवारी मी कुत्रीला भेटायला तुमच्या डोंबिवलीच्या घरी यायचे.

अशाच एका रविवारी बाबा तुमच्या दारात उभे आहेत. कुणीतरी चुगली केलीय. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात पडद्यामागे, कुत्री बाहेरच्या खोलीत दिवाणाखाली. ती त्यांच्या हाती लागली तर आई परत जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. "कुत्री? आमच्या सोवळ्याच्या घरात?" तुम्ही म्हणता. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या तुम्ही. बाबा वाकून गोड आवाजात हाक मारतात, "यू, यू... ये गं, बिस्किट आणलंय." दिवाणाखालून पांढऱ्या लादीवर पिवळा ओघळ येतो. घाबरून मुतलीय बिचारी. आणि तुम्ही, साडीला एक सुरकुती पडली तर बदलणाऱ्या तुम्ही, सरळ पुढे होऊन त्या ओघळावर उभ्या राहता. कडक इस्त्रीच्या निऱ्या भिजत जातात आणि तुम्ही शांतपणे म्हणता, "बघितलंत ना? या आता."

ते गेले. आई वाचली, बाई, ती तुमच्यामुळे.

पण एक सांगायचं राहिलं. त्या हाकेला कुत्री उठली नाही, मी उठले होते. हाक तिच्यासाठी आहे हे मला नीट कळत होतं. तरी इतक्या दिवसांनी बाबांचा तो गोड आवाज ऐकला आणि पाय आपोआप निघाले. सासूबाईंनी वेणी धरून खाली बसवलं. त्यांनी हे तुम्हाला कधी सांगितलं का, हे तुम्ही होतात तोवर विचारायची माझी छाती झाली नाही.