जोडीचा फोटो

शॅनन, आयर्लंड
शनिवार, २४ मे २०२५

तीर्थरूप बाबांना हृषीकेशचा नमस्कार.

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं आणि थोडा वेळ पेन खाली ठेवलं. का, ते पुढे लिहितो.

मी इथे बरा आहे. तुमचा खोकला अजून पुरता गेला नाही, पण सकाळचं फिरणं चालू आहे, असं स्वरूपाताई सांगते. चिंचवडला उकाडा असेल. इथे मे संपत आला तरी मी स्वेटर घालूनच बसलो आहे. खाडीवरून वारा येतो आणि विमानतळामुळे दिवसभर विमानं डोक्यावरून जातात. त्यांची सवय झाली आहे.

पत्र हाताने लिहितो आहे, कारण माझा फोन तुम्ही उचलत नाही. हा तिसरा खर्डा आहे. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे भीती वाटतेच. चूक दिसेल तिथे लाल खूण करा, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

वृद्धाश्रमातली नोकरी चालू आहे. माझ्याकडे आठ म्हातारी माणसं आहेत. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, खुर्चीतून पलंगावर नेणं ही माझी कामं. प्रत्येकाने किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, याची रोज नोंद लिहावी लागते. माझ्या नोंदी सगळ्यांत स्वच्छ असतात असं मुख्य परिचारिका म्हणते. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला याचा तुम्हाला राग आहे आणि तो चुकीचा नाही. पण अक्षर आणि शुद्धलेखन तुमच्याकडून आलं, ते इथे उपयोगी पडतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

रोवेनाबद्दल मी गेल्या जूनमध्ये तुम्हाला फोनवर सांगत होतो. सांगायला सुरुवात केली होती, असं म्हणू. ती आमच्याच वृद्धाश्रमात परिचारिका आहे. फिलिपिन्सची, उत्तरेकडच्या इलोकोस भागातली. तिला वडील नाहीत. आई तिकडे असते. इथे तिच्या आईची बहीण लुझ आहे. सगळे तिला टिटा लुझ म्हणतात, मीही म्हणतो. टिटा म्हणजे मावशी, पण आत्याही आणि काकूही. आपल्याकडे आईकडचे वेगळे आणि वडिलांकडचे वेगळे, प्रत्येकाला निराळा शब्द. यांच्याकडे दोन्ही बाजूंची माणसं सारखीच जवळची. चुलतभाऊ, मामेभाऊ असं काही नाही, सगळी भावंडंच.

हे मला पुस्तकातून कळलं. टिटा लुझ कॉलेजात असताना तिला मानवशास्त्राचं एक पुस्तक होतं, फिलिपिनो समाज समजून घेण्यासाठी लागणाऱ्या मूळ कल्पनांचं. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, समासात पेन्सिलीने टिपणं केलेली. मी ते मागून आणलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. कुणाच्या घरी पाऊल टाकायचं तर चप्पल कुठे काढतात हे मला आधी कळलेलं लागतं. मी दोनशे पानी वही केली आणि रोज कामावरून आल्यावर टिपणं काढली.

पहिलं प्रकरण हे लोक मुळात आले कुठून याचं होतं. पुस्तक म्हणतं, माणसं एकामागून एक लाटांनी आली. समासात टिटाने लिहिलं आहे, ‘आता असं मानत नाहीत.’ आता म्हणतात की तीन-चार हजार वर्षांपूर्वी तैवानच्या बाजूने होड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं आली आणि बेटाबेटांवर राहिली. त्या होडीला बालांगाय म्हणत. आजही तिथे गावाला किंवा वस्तीला बारांगाय म्हणतात, तो शब्द त्या होडीवरून आला. एका होडीतले ते एका गावचे. मी हे रोवेनाला वाचून दाखवलं तर ती हसून म्हणाली, “माझ्याबद्दल मला काय शिकवतोस? परीक्षा आहे का तुझी?”

मी म्हटलं, “हो, टिटाची.”

“मग नापास होशील. ती पेपर स्वतः काढते.”

पुढे ‘हिया’ नावाची एक कल्पना होती. लाज म्हणा, पण एकट्याची नव्हे. चारचौघांत घरच्यांचा कमीपणा होईल असं काही घडू नये ही धास्ती. मी ते दोनदा अधोरेखित केलं. मला ते नवीन वाटलं नाही.

मग लग्नाचं प्रकरण. यांच्यात मुलाचे आईवडील खाण्याचे जिन्नस घेऊन मुलीच्या घरी जातात आणि तिला मागणी घालतात. त्या रीतीच्या नावाचा अर्थच जिना चढणं असा आहे, कारण जुनी घरं खांबांवर उंच असत. आपल्याकडे मुलीकडचे येतात आणि आपण पोहे खात बसतो. मी वहीत दोन रकाने केले, एकीकडे आपलं, एकीकडे त्यांचं. सगळ्यांत जास्त फरक याच पानावर निघाला. लग्नाचं प्रकरण संपल्यावर मी पुस्तक परत केलं. त्यानंतर एकच प्रकरण उरलं होतं, मृत्यूचं. ते मला लागणार नाही असं वाटलं.

बाबा, इथली एक गोष्ट वाचून तुम्हाला बरं वाटेल. दोन नोव्हेंबरला यांचा गेलेल्या माणसांचा दिवस असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा. टिटाच्या घरी बैठकीच्या खोलीत एका कपाटावर येशूची मूर्ती आणि घरातल्या गेलेल्यांचे फोटो आहेत. रोवेनाचे वडील, तिची आजी. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतात आणि जेवणाचं पान मांडतात. रोवेना माझी होणार म्हणून आईलाही त्यांनी त्यात घेतलं. माझ्याकडचा फोटो टिटाने चौकटीत बसवून आणला. मला विचारलं, “तुझ्या आईला काय आवडायचं?” मी म्हटलं, साबुदाण्याची खिचडी. तिने लिमरिकच्या इंडियन दुकानातून साबुदाणा आणला, मोबाइलवर बघून खिचडी केली. गोळा झाला होता तिचा. पण दाण्याचं कूट घातलं होतं. आई जाऊन दहा वर्षं झाली, आणि जिने तिला कधी पाहिलं नाही अशी एक बाई तिच्यासाठी दाणे भाजत होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

इथवर मागचे दोन्ही खर्डे आले होते. यापुढे लिहिता येत नव्हतं.

बाबा, फोटो जोडीचा आहे.

ताईच्या लग्नातला. तुम्ही फेटा बांधलेला, आई जांभळ्या साडीत. आईचा वेगळा फोटो माझ्याकडे नाही. खिचडीच्या शेजारी दुसरं पान होतं. त्यावर पिठलं होतं, कारण टिटाने पुढे विचारलं होतं, “आणि वडिलांना?”

गेल्या वर्षी चौदा जूनला मी तुम्हाला फोन केला. रोवेनाचं नाव सांगितलं, देश सांगितला. तुम्ही म्हणालात, “आम्हाला एकच मूल. स्वरूपा.” आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी सहा वेळा केला. तारखा वहीत आहेत.

ऑगस्टमध्ये टिटा लुझने मला जेवायला बोलावलं. डिसेंबरात लग्न करावं असं आमचं ठरत होतं. ती मोठ्या आवाजाची, थट्टेखोर बाई आहे. भात वाढता वाढता म्हणाली, “काय रे, आमचा जिना कोण चढणार? आई तर गेली म्हणतोस. बाप येतोय ना? गुडघे बरे आहेत ना त्यांचे? माझ्याकडे सातच पायऱ्या आहेत, सांग त्यांना.”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा बाप आहे, पण तो येणार नाही, असं म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की तुमची मुलगी आम्हाला चालत नाही. भरल्या ताटावर, चारचौघांत, तिच्या तोंडावर. ज्या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या तो हाच प्रसंग. मला वाटलं, गेलेला माणूस कुणाचा अपमान करत नाही. मी म्हटलं, “तेही गेले.”

कधी, असं तिने विचारलं. मला एकच तारीख पाठ होती. मी म्हटलं, चौदा जून.

तिच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. मग ती उठली आणि मला जवळ घेतलं. “दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि हा मुलगा माझ्याकडे बसून हसतोय,” असं म्हणत राहिली. मला वाटलं होतं विषय तिथे मिटेल. पण बापाला वर्ष व्हायच्या आत पोराचं लग्न करणार नाही, आम्ही एवढे बेशरम नाही, असं म्हणून तिने डिसेंबर रद्द केला. तुमच्यासाठी नऊ दिवस प्रार्थना केली. सातआठ परिचारिका, ड्यूटी करून आलेल्या, सुजलेल्या पायांनी बसून तुमचं नाव घ्यायच्या. मोहन हे नाव त्यांना नीट म्हणता येत नव्हतं, ते मी शिकवलं.

वर्षभर दर रविवारी तुमच्या नावाने मेणबत्ती लागली आहे. नोव्हेंबरात तुमचं पान कपाटावर मी माझ्या हाताने मांडलं. जिवंत माणसाचं पान असं मांडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरात ते फक्त मला माहीत होतं.

आता चौदा जूनला, शनिवारी, तुमचं वर्ष भरतं. त्या दिवशी यांच्याकडे वर्षभराच्या सुतकाचे काळे कपडे उतरवायचे असतात. चाळीस माणसं येणार आहेत. रोवेनाची आई पाच जूनला पोहोचते. टिटाने चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना ठेवली. नाव द्यायला मी बरोबर गेलो होतो. फादरने नावामागे कैलासवासी अशा अर्थाचा शब्द लावून लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून वही माझ्यापुढे केली. मी तपासलं. बरोबर होतं. आज वर ‘तीर्थरूप’ लिहिताना तोच शब्द आठवला आणि पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, “ग्रँड, ग्रँड.” इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

गेल्या रविवारी ताईचा आवाजी निरोप आला होता. मी भांडी घासत होतो म्हणून रोवेनाने तो माझ्यासाठी लावला. ताई आंब्यांबद्दल काहीतरी सांगत होती आणि मागे तुम्ही खोकलात. लांबलचक, नेहमीसारखं, शेवटी घसा खाकरून. रोवेना रोज म्हाताऱ्यांचे खोकले ऐकते. तिने विचारलं, “कोण खोकतंय? यांना डॉक्टरला दाखवलंय का?”

मी शेजारचे म्हणून सांगू शकलो असतो. जीभ वळली नाही. मी म्हटलं, “माझे बाबा.”

तिने निरोप पुन्हा लावला. पूर्ण ऐकला. मग आणखी एकदा. मला वाटलं ओरडेल. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “मी त्यांच्यासाठी रडले आहे, हृषी. तू नव्हतास तेव्हा. एकटी. माझ्या वडिलांशेजारी आहेत ते, म्हणून मी माझ्या वडिलांना सांगायचे की त्यांची सोबत करा.”

मी कारणं सांगितली. हिया म्हणालो, पुस्तकातलं.

“आमचा शब्द मला सांगू नकोस,” ती म्हणाली. “तू आमचं सगळं वहीत लिहून घेतलंस. तुझा बाप रागावलाय, एवढं एक वाक्य मला सांगितलं नाहीस. रागावलेले बाप आमच्याकडे नाहीत का? टिटाने फोन करून करून त्यांना हैराण केलं असतं.”

जाताना दारात म्हणाली, “टिटाला तू सांगायचंस. आई यायच्या आत. पण आधी तुझ्या वडिलांना. ज्यांना पुरलं त्यांना आधी कळलं पाहिजे. ते झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस.”

सहा दिवस झाले. ड्यूटीवर ती कामापुरतं बोलते. लग्नाचं काय, हे मी विचारलेलं नाही. सोमवारी मी टिटाकडून पुस्तक पुन्हा मागून आणलं आणि राहिलेलं प्रकरण वाचलं. सातच पानं आहेत. त्यात लिहिलं आहे की या लोकांत मेलेला माणूस कुटुंबातून वजा होत नाही, त्याची खबर ठेवत राहतात. खाली टिटाची पेन्सिल आहे, ‘म्हणूनच आम्ही कधी एकटे नसतो.’ हे मी आधी वाचलं असतं तर खोटं बोललो नसतो, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. दुसरं काहीतरी खोटं शोधलं असतं.

तुम्ही मला वजा केलंत तेव्हा मला फार लागलं होतं. मग मी तेच तुम्हाला केलं, आणि तारीखही तीच घेतली. त्याची माफी मागतो. माफ करा असं म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न.

पत्र सोमवारी टाकेन. पोस्टातली बाई म्हणाली, दहा-बारा दिवस लागतात. टिटाला मी रविवारी एक जूनला सांगणार आहे, तुमच्या हाती हे पडलं असो वा नसो. आधी तुम्हाला सांग असं रोवेना म्हणाली होती, पण तिची आई पाचला येते. म्हणून हे पत्र पाकिटात घालण्याआधी ताईला फोनवर वाचून दाखवेन, तिने ते तुम्हाला वाचून दाखवावं. तुम्ही उठून आत गेलात तर ती दाराबाहेरून वाचेल, असं तिच्याकडून वचन घेईन.

टिटा काय करेल मला माहीत नाही. कदाचित हाकलून देईल. पण ती कपाटापुढे जाऊन उभी राहील हे मला आत्ताच दिसतं. मेणबत्ती विझवायची कुणी, आणि आईच्या शेजारून तुम्हाला कसं काढायचं? फोटो एकच आहे.

एक मागतो. एक जूनला तुमच्या संध्याकाळी सहा वाजता, आमच्या दुपारी दीड वाजता, मी टिटाच्या घरून फोन लावेन. मी त्याआधी टिटाशी बोललेलो असेन. फोन उचला. माझ्याशी बोलू नका. तिच्याशीही बोलायला नको, आणि तुम्हाला मुलगा आहे असंही म्हणायला नको. नुसते खोकलात तरी त्यांना कळेल.

सहा वाजता, बाबा.

ज्याने तुमचं पान मांडलं, तो
हृषीकेश