गणंग वेचणारी मशीन

बाबा, फुटाण्यातले गणंग वेचणारी मशीन झाली बरं. टेबलावर मावते एवढीच आहे, मॉडेलच म्हणा, पण चालते. वरून भाजलेले चणे टाकले का ते पंख्यासमोरून खाली पडते. फुगलेला फुटाणा हलका, तो हवेनं उडून पट्ट्यावर जाते. न फुटलेला टणक गणंग जड, तो सरळ खालच्या डब्यात. पट्टा सायकलच्या ट्यूबचा केला. पट्ट्यावरून फुटाणे वजनाच्या वाटीत, वाटीतून पिशवीत, अन् पिशवीचं तोंड तापल्या पट्टीनं आपोआप बंद. मी आयटीआयमधी पोरायले शिकवते तेच सामान, मोटर अन् सेन्सर. तुमी पाह्यलं असतं तं म्हटलं असतं, "पोरी, हिले चहा कोण पाजते?"

मंगरूळपीरले दर्ग्याच्या रस्त्यावरची आपली फुटाण्याची गाडी मले आताही दिसते. भट्टीत वाळू तापली आहे, चणे तडतडून राह्यले. माय सुपात घोळून गणंग काढते अन् तुमी कागदाच्या पुड्या बांधता. दोरा नाही, गोंद नाही, नुसती घडी, पण पुडी एसटीत कामरगावले गेली तरी सुटायची नाही. माह्या हातची पुडी तुमी उलटी करून पाहत, अन् सारे फुटाणे माह्या मांडीवर. "सांडलं ते खाऊन घे, मंग पुन्ना बांध." असं रागावणं कोणाच्या बापाले जमते!

अन् मंग तो दिवस. मी डिप्लोम्यासाठी अमरावतीले चालली होती, बॅग घेऊन गाडीवर तुमाले भेटाले आली होती. तेवढ्यात आसेगावकडचा एक गिऱ्हाईक तोंडाले रुमाल लावून परत आला. गणंग दाताखाली येऊन त्याच्या दाढेचा तुकडा पडला होता. भर रस्त्यात त्यानं तुमाले आंधळा म्हटलं, पुडी तुमच्या अंगावर फेकली. तुमी हात जोडले. "चुकलं भाऊ. माहे डोळे गेले आता." माय सूप धरून तशीच उभी. मले लय राग आला, त्याचा अन् तुमचाबी.

त्याच्यानंतर लोक तुमच्यासमोर दाणा दाबून पाहत अन् मंगच पुडी घेत. तुमी गाडीवर बसणंच सोडलं. गाडी माय चालवू लागली, तिच्या हातचं लोक बिनघोर नेत. सुट्टीत घरी आली का तुमी ओट्यावर, रिकामे हात मांडीवर ठेवून. एकदा मी म्हटलं, "बाबा, मी तुमच्यासाठी गणंग वेचाची मशीन बनवते." तुमी म्हटलं, "बनव. पण लवकर बनव." लवकर झालं नाही, बाबा. डिप्लोमा व्हायच्या आधीच तुमी चालले गेले, अन् मंग कोणासाठी बनवावं म्हणून किती वर्षं मी त्या कामाले हातच लावला नाही.

परवा मायसमोर पयल्यांदा चालवली. पंखा हळू फिरला, चांगले फुटाणेही खालच्याच डब्यात पडले. माय हासली, "तुह्या मशीनले तं सबन दुनियाच गणंग दिसते वं!" पंखा वाढवला तशी हवा बरोबर बसली. फुटाणे उडून पट्ट्यावर चालले, डब्यात एकेक गणंग टणटण पडू लागला. मी खुशीत म्हटलं, "पाह्य माय, हे तवा असतं तं बाबाले कोणी आंधळा म्हटलं नसतं."

मायनं डब्यातला एक गणंग उचलून पाह्यला. मंग म्हणाली, "त्याईचे डोळे चांगले होते. त्या दिवशी सूप माह्या हातात होतं. तू चालली होती, माहा जीव थाऱ्यावर नव्हता. अर्धे चणे मी न घोळताच देले."

"मंग तू बोलली काहून नाई?"

"बोलाले गेली तं त्याईनं डोळे वटारले. घरी आल्यावर म्हणे, एका घरात एक आंधळा बस झाला, दोन कायले?"

बाबा, चांगल्या डोळ्याचे तुमी, अन् मरेपर्यंत आंधळ्यासारखे ओट्यावर बसून राह्यले. मी रडली. मशीन तशीच चालू होती, पिशव्या भरून भरून खाली पडत होत्या, बंद करायचंही मले सुचलं नाही.

मायनं माहा हात धरला. "तुले कधी काई सांगतलं होतं काय त्याईनं? का माह्यावरचा राग मनात घेऊनच गेले?"

तुमी मले एक अक्षर सांगतलं नव्हतं. पण तिचं तोंड पाहून मी म्हटलं, "सांगतलं होतं माय. हासत हासत सांगतलं."

"हासले?"

"लय हासले."

तिनं पदरानं तोंड पुसलं, अन् त्या रातच्याले लय दिवसानं पोटभर जेवली.

हे कागद घरात ठेवता येत नाही, माय सारं वाचते. लिहून झालं का मी फाडून टाकते. बाबा, मी मायसंगं खोटं बोलली. ती तिकडं आल्यावर तुमाले विचारेल, तवा तुमीबी हो म्हणजा.