फोनवर ऐकलेली मतमोजणी

गुरुजी, आज रविवार, २८ डिसेंबर २००८. दुपारी बारा वाजता मी टेक्सासमधल्या अर्विंगला, मामांच्या ओळखीने मिळालेल्या एका देशी किराणा दुकानात, तूरडाळीच्या पिशव्यांवर किमतीची लेबलं चिकटवत होतो. प्रत्येक लेबल सरळ बसलंय ना हे दोनदा बघायचं, ही माझी सवय तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली, माझं शिक्षणही बारावीनंतर सुटलं. तरी आज जे ऐकलं ते तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

दुकानाचे मालक काका पुण्याचे, पण अर्धं आयुष्य लंडनला काढलेले. त्यामुळे काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर दिवसभर लंडनचा रेडिओ. तुमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी लागायचा तसाच संथ, खात्रीचा आवाज. तुम्ही भाकरी थापता थापता ऐकताय आणि आम्हा पोरांना अर्थ सांगताय. आफ्रिका आम्हाला त्या आवाजातूनच कळली: कुठे लष्कराने सत्ता घेतली, कुठे निवडणूक उधळली गेली. एकदा तुम्ही इलेक्शन ड्युटीवरून परत आलात आणि मी धावत येऊन विचारलं, "कोण निवडून येणार गुरुजी?" तुम्ही केवढे चिडलात! "आधी विचार, सगळ्यांना मत देता आलं का!" मतपेटीला लाखेचं सील लावून ती तुम्ही तालुक्याला पोचवायचात आणि घरी यायचात. आतली मतं कोण मोजतं, कशी मोजतं, हे तुम्हाला कधी बघायला मिळालं नाही.

माझ्याबरोबर पिठाची पोती उचलणारा गृहस्थ घानाचा आहे. पन्नाशीचा. मी त्याला अंकल म्हणतो, तो माझी लेबलं बघून मला प्रोफेसर म्हणतो. आज त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षपदासाठी दुसऱ्यांदा मतदान होतं, कारण पहिल्या वेळी कुणालाच निम्मी मतं मिळाली नव्हती. त्याची धाकटी बहीण तुमच्यासारखीच शिक्षिका, आणि एका लहान गावातल्या मतदान केंद्राची प्रमुख. लंडनचा निवेदक सकाळपासून सांगत होता: गेल्या वर्षी केनिया पेटला, यंदा झिंबाब्वेत मारहाण झाली, आता घानाचं काय?

"त्याला म्हणावं, बहिणीला घरी जायला सांग," काका मला म्हणाले. "लंडनवाले उगाच बोलत नाहीत."

मी भीत भीत अर्धंच भाषांतर केलं. अंकल हसला. "तुझ्या बॉसला विचार, इथल्या २००० सालच्या निवडणुकीतली ती फ्लोरिडाची मोजणी झाली का पुरी?" पण त्याचा हात सारखा खिशातल्या फोनकडे जात होता.

मग फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकून पिठाच्या पोत्यावर ठेवला. तिकडे संध्याकाळ झालीय. बहिणीचा नवरा फोन उंच धरून गर्दीत उभा आहे, दिसतंय ते ओरडून सांगतोय, आणि अंकल ते मला इंग्रजीत सांगतोय. टेबल उघड्यावर मांडलंय, लोकांना अडवायला भोवती दोरी बांधलीय, पेटी सगळ्यांदेखत उलटी केलीय. बहीण एकेक मतपत्रिका उचलते, अंगठ्याचा ठसा चारी बाजूंना दाखवते, आणि जमलेलं अख्खं गाव मोठ्याने आकडा म्हणतं. पाढे म्हणावेत तसं. मी अंकलला विचारलं, यात दोन्ही पक्षांचे लोक आहेत? "सगळे आहेत. हरणारासुद्धा जिंकणाऱ्याची मतं मोजतो. तोंडाने मोजलेलं मग नाकारणार कसं?"

आणि एकदम गोंधळ. एका पत्रिकेवरचा ठसा दोन्ही चौकटींच्या मधल्या रेघेवर पडला होता. दोन्हीकडून आरडाओरडा. अंकलचा हात पोत्यावर टेकला तो तिथेच राहिला. काका काउंटर सोडून आमच्यामागे येऊन उभे राहिले होते.

"काका, बिल करताय ना?" कढीपत्ता घेऊन खोळंबलेल्या बाई म्हणाल्या.

"थांबा हो वहिनी, मोजणी चाललीय!"

फोनमधून बहिणीचा आवाज आला. शब्द मला कळले नाहीत, पण तो सूर वर्गावरचा होता, आवाज न चढवता गप्प करणारा. तुम्ही लगेच ओळखला असतात. तिने ती पत्रिका दोन्ही प्रतिनिधींना दाखवली, मग दोरीच्या कडेने चालत लोकांना दाखवली, आणि बाद म्हणून बाजूला ठेवली. मग जिथे थांबला होता त्याच्या पुढचा आकडा, सगळ्यांच्या तोंडून एकदम. माझ्या अंगावर काटा आला, गुरुजी.

अंकलचा पक्ष त्या केंद्रावर हरला. "हरलो," तो म्हणाला आणि डोळे पुसत हसला. "बहीण आता घरी जाऊन जेवेल." लंडनचा निवेदक सांगत होता की आतापर्यंत तरी सारं शांत आहे. काका कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "हा होता का रे तिथे?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते माझ्या बॅगेतच राहील. म्हणून एवढं लिहून टाकतो: तो गोंधळ झाला तेव्हा बहिणीचं काही बरंवाईट झालं तर अंकलचं सांत्वन करायची वाक्यं माझ्याकडे तयार होती. इंग्रजीत, चुका काढून. सकाळी बातम्या ऐकतानाच जुळवून ठेवली होती.